टाका

अमरावतीहून निघताना ठरलं होतं ते असं: आधी करिश्माला अकोल्याला जठारपेठेत तिच्या आईकडे सोडायचं आणि मग गाडीचं काम. पण मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडी पुढून बारीक शिट्टी मारायला लागली. चंदनचा चेहरा उतरला. अकोल्यात शिरल्यावर त्याने जठारपेठेकडे न वळता गाडी थेट अय्युबभाईच्या गॅरेजला नेली.

"जरासं दाखवतो फक्त. मग तुले सोडतो."

करिश्माला सहावा लागला होता. आधीची दोन चौथ्यातच गेली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि चंदनसमोरच सांगितलं होतं, "टाका धरून ठेवेल, पण त्याच्यावर भार यायला नको. चढ नाही, धक्के नाहीत. एकदा हळूहळू आईकडे जा आणि पलंग धरा." चंदन तेव्हा मान हलवत होता. मोबाइलवर त्याच्या फुलांच्या दुकानातून कोणीतरी झेंडूचा भाव विचारत होतं.

अय्युबभाईच्या घरात गॅरेजमधूनच दार होतं. जहाँआराचाचीने करिश्माला बाजेवर बसवलं, तिच्या पाठीला उशी दिली आणि कूलरचं तोंड तिच्याकडे फिरवलं. बाजेवरून सगळं दिसत होतं. अय्युबभाईने बंपर उतरवला आणि आतून अॅल्युमिनियमची चपटी जाळी काढली. इंटरकूलर. टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जायच्या आधी या जाळीत थंड होते. तिच्या कोपऱ्यात, जिथे जाळी आणि डबी जोडलेली असते, तिथे केसाएवढी चीर होती.

"नवीन टाका ना," अय्युबभाई म्हणाले.

"मागवा. पण सध्या टाका मारून द्या."

"मारतो. पण हे आतून तेल पिलेलं आहे. तेल पिलेल्या अॅल्युमिनियमचा भरोसा नसते."

वेल्डिंगचा निळा उजेड झाला. करिश्माने पोटावर पदर ओढला, जणू आतल्याचे डोळे दिपतील. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं तेव्हा ते चिंचोक्याएवढं होतं. तेव्हापासून तिच्यासाठी ते चिंचोका. आता चिंचोका लाथा मारायचा. तिने बोटाने टिचकी मारली की थोड्या वेळाने आतून उत्तर यायचं, विचार करून दिल्यासारखं.

जोड निवल्यावर अय्युबभाईने जाळीची दोन्ही तोंडं बंद केली, आत हवा भरली आणि ती पाण्याच्या हौदात बुडवली. कुठे गळत असेल तर तिथून बुडबुडे येतात. चंदन हौदाजवळ उकिडवा बसला. श्वास रोखून पाण्याकडे बघत राहिला. सोनोग्राफीच्या वेळी हा माणूस बाहेर उभा होता.

"एक बुडबुडा नाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अशी माया होती की जहाँआराचाची करिश्माकडे बघून हसली.

"थंड्यात कोनताबी टाका टिकते, चंदनभाऊ," अय्युबभाई म्हणाले. "गरम झाला, हवेचा जोर आला, तवा त्याची परीक्षा. नवीन येईपर्यंत घाट नाई. लोड नाई. सपाट रस्ता, अन् हलक्या पायानं."

"घाट नाई, लोड नाई, हलका पाय," चंदनने शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

तेवढ्यात जयवंताबाईंचा, त्याच्या आईचा, फोन आला. नणंद पोरांना घेऊन आली होती. उन्हाने पोरं घामोळ्यांनी लाल झाली होती. उद्या सगळे चिखलदऱ्याला जाणार होते.

"आई, तिले सोडून येतो मग," चंदन म्हणाला. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. फोन ठेवून तो करिश्माजवळ आला.

"ताई तुले भेटाले आली अन् तूच नाई, कसं दिसते ते? परवा आणून सोडतो ना. तठी थंड हवा आहे, तुलेही बरं वाटन."

जठारपेठेचा फाटा आला तेव्हा करिश्माने खिडकीला हात टेकला. आईचा सकाळपासून दोनदा फोन आला होता. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून ठेवल्या होत्या तिने, लेकीचे पाय वर राहावेत म्हणून. फाटा गेला. करिश्माने आईला फोन लावला आणि म्हणाली, "परवा येते." पार्बताबाई म्हणाल्या, "विटा राहू देतो मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदनच निघायला तयार नव्हता. "अय्युबभाईनं घाट नको म्हणून सांगतलं."

"मग गाडी घेतली कायले? झेंडू वाह्याले?" जयवंताबाई म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाईंनी पण चढ नको म्हणून…" करिश्मा हळूच म्हणाली.

"तुले कोन चढाले सांगते व? गाडी चढन, तू बस. अन् टाका घातला ना तिनं? घातला म्हनजे धरते. आमच्या वक्ती कोनाले टाके होते? गळक्या भांड्यालेच टाके लागते." नणंद खुदकन हसली. सासरे किसनराव चपला शोधत होते. त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

परतवाड्यापर्यंत चंदनने गाडी अशी चालवली की करिश्माला बरं वाटलं. प्रत्येक खड्ड्यापाशी हळू व्हायचा, खड्डा उतरला की कान देऊन पुढचा आवाज ऐकायचा. ते कोणासाठी आहे हे तिला कळत होतं. तरी खड्डे चुकत होते, तेवढं पुरे होतं.

घाट लागला आणि काही वळणांतच शिट्टी सुरू झाली. मग गाडीचा दम गेला. मागून काळा धूर आला. चंदनने कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"टाका उघडला वाटते. लोड कमी करा लागन. सपाटीपर्यंत जरा पायी चाला कोनीतरी."

किसनरावांचे गुडघे दुखायचे. जयवंताबाईंना दम लागायचा. नणंदेच्या मांडीवर धाकटा झोपला होता, थोरल्याला ऊन सोसत नव्हतं. सगळ्यांची कारणं झाली आणि उरली करिश्मा.

"मले नाई म्हणलं आहे चालाले," ती म्हणाली.

"वरच्या वळणावरच थांबतो, हे काय दिसून रायलं," चंदन म्हणाला. "अन् हिशोबानं पाह्य ना, तू एकटी उतरली तरी दोघं उतरल्यासारखं होते." आपल्याच बोलण्यावर तो हसला. नणंद हसली. जयवंताबाईंनी हसत हसत हात लांब करून दार उघडलं.

"उतर व. चालनं तर चांगलंच असते या दिवसांत."

वरच्या वळणावर गाडी थांबली नाही. चढावर थांबून पुन्हा उचलायची म्हणजे टाक्यावर जोर. करिश्माला ती पुढच्या वळणात चढताना दिसली, मग नुसता आवाज आला, मग तोही गेला. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. दोन्ही हात पोटाखाली धरून ती चालत राहिली. सागाची पानं गळून गेली होती, सावली कुठे नव्हती. कठड्यावर एक वांदरीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. तिने करिश्माकडे बघितलं आणि पिल्लू आणखी आत ओढलं.

"चिंचोक्या, घट्ट धरून बस रे," करिश्मा म्हणाली. टिचकी मारली. उत्तर आलं. पुढच्या वळणाच्या अलीकडे कंबरेत कळ आली आणि गेली. तिने पुन्हा टिचकी मारली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग उभं राहवेना म्हणून चालायला लागली.

सपाटीवर गाडी झाडाखाली होती. सगळे खारे दाणे खात होते. चंदन बोनेटवर तळहात ठेवून उभा होता.

"आली काय? पाह्य, झालं काही?" जयवंताबाईंनी तिच्यापुढे दाणे धरले.

"थंडी होऊन रायली," चंदन म्हणाला. गाडीबद्दल.

करिश्मा कळ येते म्हणाली. जयवंताबाई म्हणाल्या, वायू असते. पॉइंट बघितले, पोरांचे फोटो काढले. ती गाडीतच बसून राहिली. उतारावर गाडीला दम लागत नाही, शिट्टीही येत नव्हती, चंदन खुशीत होता. परतवाडा यायच्या आधी करिश्माच्या खालचं सीट ओलं झालं.

तिचं "अहो" ऐकून त्याने मागे वळून बघितलं. "पानी सांडलं काय?"

चिंचोका मुलगी होती. दवाखान्यात नर्सने पांढऱ्या फडक्यात दाखवली. एवढीशी, पण बोटांना नखं होती, कोणी मांडीवर घेऊन एकेक बसवल्यासारखी. करिश्माने एका बोटाने तिच्या तळहाताला टिचकी मारली. मग नर्सने फडकं नेलं.

अमरावतीला आल्यावर दूध आलं. कोणाला सांगायचं ते कळत नव्हतं तिला. ब्लाऊज भिजायचा, वाळायचा, शेजारचं मूल रडलं की परत भिजायचा. पार्बताबाईंचा फोन आला. पलंग तसाच आहे म्हणाल्या, घ्यायला येऊ का? जयवंताबाईंनी फोन घेतला. "आता कायले? आराम तर लेकरासाठी होता ना."

मग त्या दुकानातून मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या. मोगरा छातीवर बांधला की दूध आटतं. गजरे पिवळे पडले होते. "कालचे हायेत. ताजे विकाले लागते. बांध घट्ट."

करिश्मा भिंतीकडे तोंड करून बांधत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत चंदनचा फोन वाजला. गाडी अय्युबभाईकडे होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला, आपल्या गाडीचं बोलणं सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"टाका जसाच्या तसा हाय, चंदनभाऊ. पान्यात बुडवून पाह्यला, एक बुडबुडा नाई. अलीकडच्या पायपाची क्लिप ढिली झाली होती, तठूनच हवा जात होती. घाटात पेचकसनं आवळली असती तर तठीच काम झालं असतं."

"म्हनजे टाका टिकला."

"टिकला. भाभी कशा हाय? मायकडं पोचल्या ना?"

"बऱ्या हायेत," चंदन म्हणाला आणि फोन ठेवला.

तो आत आला. दाराशी थांबून त्याने खोल श्वास घेतला.

"टाका टिकला, ऐकलं काय?" तो म्हणाला. "अन् हा मोगऱ्याचा वास कुठून येऊन रायला व, मस्त?"