बार काढला त्याच दिवशी

बंदुकीची नळी उजेडाकडे धरून मागून पाहिली, की टोकाला एक गोल दिसायला हवा. कडा धारदार, आणि भोवती आतल्या पोलादाची चकचकीत वलयं. समिधाला त्या सकाळी दिसला तो पुरता गोल नव्हता. खालून चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखा तो दिसत होता. तिने नळी हळूहळू फिरवली. काळा भागही तिच्याबरोबर फिरला. म्हणजे ही सावली नव्हती. आत काहीतरी होतं.

तिने नळी मांडीवर ठेवली आणि चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तेच.

बंदूक तिच्या वडिलांची, नामा भाऊंची. बारा बोअरची, एकनळी, पीक राखायला मिळालेली. पोशीरच्या या घरात ती समिधाच्या जन्माआधीपासून होती. भात काढून झालं की शेतात वाल पेरायचे, वालाला शेंगा धरल्या की डोंगराकडून डुकरं उतरायची, आणि भाऊ बांधावर उभं राहून हवेत बार काढायचे. घरी आले की हातपाय धुण्याआधी बंदुकीची नळी सुटी करून ती साफ करत ओसरीवर बसायचे. "बार काढला त्याच दिवशी, जेवायच्या आधी," हा त्यांचा नियम होता. पावसाळ्यात बार काढला नाही तरी आठवड्याला एकदा, कारण इथली हवा लोखंडाला सोडत नाही. समिधाने तो नियम शाळेत असताना उचलला. पुढे रसायनशास्त्र शिकली, कर्जतच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा त्यामागचं कारणही तिला कळलं. काजळी ओल धरते आणि त्या ओलीखाली गंज निवांत आपलं काम करत राहतो.

आता भाऊंची सत्तरी उलटली होती, हात कापत होते. परवाना हयातीतच वारसाच्या नावावर करता येतो, असं राजेशने कुठूनतरी शोधून काढलं होतं. राजेश तिचा थोरला भाऊ. शिळफाट्याला त्याचं प्लॉटविक्रीचं ऑफिस होतं आणि बंदूक त्याला हवी होती. त्यासाठी दुसऱ्या वारसाने, म्हणजे समिधाने, आपली हरकत नाही अशी सही द्यायची होती. वर्षभर ती "बघू" म्हणत आली होती. उद्या, सोमवारी, कर्जतला जाऊन ती सही करायचीच, असं राजेशने ठरवून टाकलं होतं. तो आणि संजना वहिनी त्यासाठीच आज आले होते. "उद्या बंदूकपण दाखवायला लागेल. जरा पुसून ठेव गं," असं चहा पिता पिता तिला सांगून तो मागच्या अंगणात फोनवर बोलायला गेला होता.

समिधाने नळी साफ करायचा लांब गज घेतला आणि मागच्या बाजूने सावकाश आत सारला. मध्यावर तो अडला. तिने जोर वाढवला. काहीतरी घट्ट आणि मऊ थोडं थोडं पुढे सरकत गेलं आणि नळीच्या तोंडातून बदकन ओसरीवर पडलं.

फडक्याचा बोळा होता. पिवळा. त्याच्यावर काजळीचे पट्टे, आणि घडीघडीत साबणाच्या चुऱ्यासारखं पांढरं काहीतरी गोठलेलं. तिने चिमटीत चोळलं. बोटांच्या उबेने ते विरघळलं आणि वास आला. खोबरेल. जानेवारीतल्या पोशीरच्या गारठ्यात खोबरेल थिजणारच.

"अगंबाई," दारात उभी राहिलेली संजना म्हणाली. "हा तर यांचा रुमाल. हळदीतला."

"कुठल्या हळदीतला?"

संजनाने मागच्या दाराकडे एकदा बघितलं. "जगदीश भावजींच्या पोराची हळद नव्हती का खोपोलीला? तुम्ही नव्हता इथं, अलिबागला प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला गेला होता ना. हे बंदूक घेऊन गेले. डीजे थांबवून दोन बार काढले. सगळ्यांनी व्हिडिओ केले. मी म्हटलं होतं, समाताईंना विचारा तरी. तर म्हणतात, ती काय फौजदार लागून गेली का?"

तिचा राग कधी आवाजात चढत नसे, तो हातात उतरे. आता तिने बोळा उलगडून फरशीवर सपाट पसरला, एखादा नमुना तपासायला ठेवावा तसा. कोपऱ्यावर राजेशच्या नावाचं अक्षर होतं, संजनानेच कधीतरी भरलेलं.

खाटेवर बसलेल्या भाऊंकडे ती वळली. "भाऊ, बंदूक तुम्ही दिलीत त्याला?"

"मागितलीन त्यानं. पोरगा हाय माझा, नाय कसा म्हणू?"

"परवाना तुमच्या नावावर आहे. त्याच्या हातात जायलाच नको होती."

"अगं, आता उद्या त्याचीच व्हायची ना ती."

"परत कधी आणून दिली?"

"मंगळवारी."

"आणि त्यानंतर तुम्ही ती बाहेर काढलीत?"

भाऊंनी उपरणं सारखं केलं. "बुधवारी डुकरं आली असं कामाला येणारी मंगळी सांगत आली. तिच्या वाडीकडनंच उतरत्यात ती. काडतूस भरून बांधावर उभा ऱ्हायलो. पण आली नाय हिकडं. गेली पल्याडच्या शेतात. मंग काडतूस काढलं नि ठेवून दिली."

"नळीतून बघितलंत का, भरायच्या आधी?"

"मला कुठं दिसतंय गं आता?"

गेली दोन वर्षं राखणीला तीच भाऊंबरोबर उभी राहायची, विजेरी धरून. काडतूस भरायच्या आधी नळी उजेडाला लावून बघायची, मग त्यांच्या हातात द्यायची. एक आठवडा ती नव्हती, आणि त्याच आठवड्यात भाऊ त्या बांधावर एकटे उभे होते, नळीला गाल लावून.

राजेश आत आला. फोन खिशात घालत हसत म्हणाला, "काय, मास्तरीणबाई, झाली का तालीम?" मग त्याला फरशीवरचा रुमाल दिसला.

"हे नळीत होतं, दादा."

"अच्छा, तिथं गेला काय! मी म्हणतोय रुमाल गेला कुठं." तो हसला. "अगं, साफ करायला गेलो होतो. काठीला बांधून आत घातला, तर सुटला. तेल मात्र घातलं हां चांगलं. तुझीच तक्रार असते ना, तेल लावत नाही म्हणून?"

"केसांचं तेल."

"तेल ते तेल."

"सुटला हे कळलं होतं तुला?"

"कळलं होतं. म्हटलं, समा आहे की, काढेल."

"मला सांगितलंस?"

"विसरलो गं. त्या लग्नाच्या गडबडीत कुणाला आठवतंय?"

"नळीत काही अडकलं असताना बार काढला, तर नळी फुटते," समिधा म्हणाली. वर्गात सांगावं तसं, एकेक शब्द सुटा. "कधी फुगते, कधी फाटते. डावा हात असतो तिथंच. आणि तोंड असतं त्याच्या जरा मागं. बुधवारी भाऊंनी काडतूस भरलं होतं."

राजेशने भाऊंकडे बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने तो परत जागेवर आणला. "पण उडवला नाही ना? झालं तर मग. उगाच काय..."

"डुकरं दुसऱ्या शेतात गेली म्हणून नाही उडवला."

"जाऊ दे गं समे," भाऊ म्हणाले. "झालं नाय ना काय. भावाबहिणीत वाढवू नये."

हे ऐकलं आणि तिच्या हातातला राग पहिल्यांदा तिच्या आवाजात आला. "भाऊ, जेवायच्या आधी साफ करायची हे तुम्हीच शिकवलंत ना? मग याला का नाही शिकवलंत? मी ओसरीवर नळी घासत बसायची आणि हा बंदूक खांद्याला लावून फोटो काढायचा. तेव्हाही तुम्ही हसायचात. आजही जाऊ दे म्हणताय. स्वतःचं तोंड फुटलं असतं तरी जाऊ देच म्हणाला असतात."

भाऊ फरशीवरच्या रुमालाकडे बघत राहिले.

"ए, भाऊंना बोलू नको हां," राजेश म्हणाला. "आणि काय गं, एवढं काय त्या साफ करण्याचं? दर दसऱ्याला पुसतो की! हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं रीतसर. किती वेळा साफ करायची असते? रोज आंघोळ घालू तिला?"

"ज्या ज्या दिवशी बार काढलास त्या त्या दिवशी."

"म्हणजे मी हळदीतनं उठून..."

"हो. हळदीतनं उठून. आणि ते जमत नसेल तर बार काढायचा नाही."

संजना दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "मी तेच म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली.

"तू चहा टाक," राजेश तिच्यावर खेकसला. मग समिधाकडे वळून सूर बदलून बोलू लागला. "हे बघ समा. चुकलं, मान्य. उद्या सही झाली की ही बंदूक शिळफाट्याला माझ्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात जाणार. कुणी हात लावणार नाही. गिऱ्हाईक आलं की वजन पडतं गं, बाकी काही नाही. तुझी घासायची कटकट संपली."

"आणि इथले वाल?"

"तारेचं कुंपण घालू. नाहीतर पेरूच नका. भाऊंचं वय आहे का आता? आणि तू बाईमाणूस, तू काय बांधावर उभी राहून डुकरांना केमिस्ट्री शिकवणार?"

भाऊ खालमानेने म्हणाले, "लोकं पण बोलतील ना गं. पोरगा असताना..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

समिधा उठून उभी राहिली. वर्षभर ती "बघू" म्हणत होती, पण बघायचं काहीच राहिलं नव्हतं. उत्तर तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भाऊंचं मन, राजेशची दिवाळीची ओवाळणी, माहेरीच राहणाऱ्या एकट्या बाईला गावात लागणारा आधार, या सगळ्याखाली ते तिने दाबून ठेवलं होतं. आता ते दाबून ठेवण्यात तिला लाज वाटली.

"उद्या सकाळी गाडी काढतो," राजेश तिच्या गप्प बसण्याला होकार समजून म्हणाला. "सही कर, मग घरी येऊन पाहिजे तेवढं भांड."

"कर्जतला मी येणार आहे, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली आला होता, पण ओसरीवर प्रत्येकाला नीट ऐकू गेला. "सही करायला नाही. माझी हरकत आहे, हे सांगायला. शेत मी राखते, बंदूक मी राखते. परवाना माझ्या नावावर मागणार आहे मी."