आठ सिलिंडर आणि दोन माणसं

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. माझं बोनेट खाटेएवढं लांब आणि त्याखाली आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. इतर मोटारी चढावर धापा टाकत, मी मात्र हुंकार भरून निघून जाई. बोटीनं मी मुंबईला उतरले, तिथून हैदराबादच्या एका हौशी वकिलांकडे गेले आणि ते वारल्यावर १९६८ साली जालन्याच्या बद्रीनाथशेठनी मला विकत घेतलं. शेठची कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी काढायची गिरणी, होती. सरकीचा वास, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि पत्र्याची मोठी शेड हेच माझं घर झालं.

तिथं माझी चावी ज्यांच्या हाती आली ते तातेराव. पुढं जे सांगणार आहे, ती माझ्याइतकीच त्यांचीही कहाणी आहे.

तातेराव घनसावंगीकडचे. तरुणपणी फौजेत ट्रक चालवलेले, उंच, ताठ कण्याचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज सकाळी मला पुसत, तेव्हा माझ्या अंगात त्यांना स्वतःचा चेहरा दिसायचा. मला चालू करायची त्यांची एक खास रीत होती. चोक अर्धा ओढायचा, ॲक्सिलेटर दोनदा दाबायचा, क्षणभर थांबायचं आणि मग चावी फिरवायची. दुसऱ्या कुणी खटपट केली तर मी नुसती खोकत राही. शेठच्या जावयानं एकदा अर्धा तास झटापट करून हार मानली, तेव्हा तातेराव मिशीत हसले होते. "न्हाई जमायचं, जावईबापू. तिला माझ्या हाताची सवय हाय."

खरं सांगू का, ती सवय नव्हती, तो आजार होता. माझ्या ठिणगीचे पॉइंट, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन बारीक टिकल्या, झिजले होते, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये गाळ साठला होता. तातेराव दर रविवारी पॉइंट काढून पॉलिशपेपरनं घासत आणि अंदाजानं परत बसवत. त्यांना तेवढंच ठाऊक होतं. पण ते जीव लावून करत, म्हणून मीही कशीबशी साथ देई. मोती तलावाजवळून आम्ही निघालो की लोक म्हणत, "तातेरावची गाडी चालली." शेठची गाडी असं कुणी म्हणत नसे.

मग १९७४ साल आलं. पेट्रोल भलतंच महागलं. माझ्या मागून काळा धूर निघत होता आणि लिटरमागं मी चार किलोमीटरही धड जात नव्हते. एके दिवशी शेठ वैतागून म्हणाले, "तातेराव, ही गाडी पेट्रोल पीत न्हाई, आंघोळ करते पेट्रोलनं. औरंगाबादला लोक असल्या गाड्यांत डिझेलचं इंजिन बसवून राह्यले. आपणबी तेच करू."

तातेरावांचा चेहरा उतरला. "शेठ, तिचं इंजिन काढलं तर मंग राहिलं काय? नुसता पत्रा!"

"मंग दुरुस्त करून दाखव."

तातेरावांना ते जमेना. तेव्हा शेठनी मुनीरला बोलावलं.

मुनीर तिशीचा पोरगेला माणूस. दहा वर्षं मुंबईत परदेशी गाड्यांच्या गॅरेजात काम करून नुकताच परतला होता आणि जालन्यातल्या कादराबादेत त्यानं छोटंसं गॅरेज टाकलं होतं. त्यानं माझं बोनेट उघडलं, पण हात लावला नाही. आधी एक रबरी नळी कानाशी धरून बराच वेळ नुसतं ऐकलं. मग म्हणाला, "ये बीमार नही, तातेरावभाई. भूखी भी नही. इसको खाना, मतलब पेट्रोल, जादा हो गया और ठिणगी देर से मिलती."

दोन दिवस तो माझ्यावर वाकून होता. नवे पॉइंट बसवून त्यानं पातळ पत्तीनं त्यांच्यातली फट मापली. आठही सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा जो डबा असतो, डिस्ट्रिब्युटर, तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत छोट्या बल्बच्या उजेडावर नेमका जागेवर आणला. तो जागचा हलला तर कळावं म्हणून छिन्नीनं डब्यावर आणि इंजिनावर एकाच रेषेत बारीक खूण केली. कार्बोरेटरची भोकं फुंकून साफ केली. शेवटी दोन्ही बाजूंचे स्क्रू आत घे, बाहेर सोड, पुन्हा आत घे, असं करत तो ऐकत राहिला आणि एका क्षणी माझे आठही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. कितीतरी वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला.

मुनीरनं चहानं काठोकाठ भरलेली बशी चालू इंजिनावर ठेवली. थेंबही सांडला नाही. बद्रीनाथशेठ खूश झाले. "क्या बात है, मुनीरमियाँ!" आणि मग तातेरावांकडे वळून ते म्हणाले, "सहा वर्षं तू हिला नुसतं पुसत होतास रे."

शेठ हे हसत म्हणाले. पण हातात फडकं घेऊन उभ्या असलेल्या तातेरावांच्या काळजात ते रुतलं. मुनीरनं जुने पॉइंट त्यांच्या हातावर ठेवले आणि निरागसपणे म्हणाला, "हे बघा, घासून घासून पार वाट लागली होती." झालं! आगीत तेल पडलं.

त्या दिवसापासून मी कुणाच्याही हातानं चालू होऊ लागले. शेठनी एकदा स्वतः चावी फिरवली, मी लगेच बोलले. जावईबापूंनी फिरवली, तरी बोलले. प्रत्येक वेळी तातेरावांचे ओठ घट्ट मिटत. मित्रांनो, मी काय करणार? इंजिनाला खोटं बोलता येत नाही. बाजारात लोक म्हणू लागले, "मुनीरनं केलेली गाडी ती हीच का?" तातेरावांच्या वस्तीतली, येता-जाता जयभीम घालणारी माणसंसुद्धा हेच विचारू लागली. ते मला पुसत, पण आता त्यांचा हात माझ्या अंगावर रेंगाळत नसे.

एकदा त्यांची बायको बेबीनंदा जिनिंगवर डबा घेऊन आली. ते जेवता जेवता मुनीरच्या नावानं कुरकुरत होते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अवो, गाडी बरी झाली ना? तुमीच तर म्हणायचे, हिचं इंजिन वाचलं पायजे. मंग वाचवणाऱ्यावर कशाला जळता?"

"मी कुठं जळून राह्यलो?" असं म्हणून तातेरावांनी डबा अर्धवट सोडला.

पुढच्या वर्षी रामनवमीला शेठनी आईला, पुष्पाबाईंना, समर्थ रामदासांच्या जन्मगावी जांब समर्थला न्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी ते मुनीरला म्हणाले, "उद्याच्या गर्मीत गाडी बराबर गेली आणि पेट्रोल कमी पिली, तर इंजिन राहील, न्हाई तर डिझेलचं बसवू. जिनिंगच्या सगळ्या इंजिनांचं कामबी तुलाच." तातेराव शेजारीच उभे होते.

सकाळी शेडमध्ये कुणी नसताना त्यांनी माझं बोनेट उघडलं. पाना लावून डिस्ट्रिब्युटरची पकड सैल केली आणि डबा बोटभर फिरवला. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. गाडी जरा ओढेनाशी होईल, शेठ मुनीरवर चिडतील, मग आपण डबा पुन्हा जागेवर आणू आणि गाडी आपणच सुधारली असं होईल. माझं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. पकड आवळून त्यांनी बोनेट बंद केलं.

अंबड मागं पडेपर्यंत माझा जीव कासावीस झाला. ठिणगी उशिरा मिळाली की जोर मिळत नाही, सारी आग वाया जाऊन इंजिन तापतं. वरून चैत्राचं ऊन. एका बाभळीजवळ रेडिएटरमधून वाफेचा लोट उठला. तातेराव झटकन उतरले, बोनेट उघडलं. त्यांचा हात डिस्ट्रिब्युटरकडे गेला. डबा मूळ खुणेवर आणला असता तर मी कदाचित वाचलेही असते. पण शेठ त्यांच्या खांद्यामागून पाहत होते.

"काय झालं रे?"

तातेरावांनी हात मागं घेतला. "पाणी संपलं वाटतं, शेठ."

"मंग घाल जल्दी. आईला ऊन लागून राह्यलं."

तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी घालू नये, हे फौजेत शिकलेल्या त्या माणसाला ठाऊक नव्हतं का? पण थोडं थांबू म्हटलं, तर शेठ वाकून बघत बसले असते. त्यांनी बादली ओतली. माझ्या आत काहीतरी तडकलं. तो आवाज फक्त आम्हा दोघांनाच कळला.

शेठ आणि पुष्पाबाई एसटीनं पुढं गेले. मला ट्रकला बांधून जालन्याला आणलं. शेठनी सगळ्यांसमोर मुनीरचे वाभाडे काढले, जिनिंगचं काम तर गेलंच. मुनीर मान खाली घालून माझ्यावर वाकला होता. त्याला छिन्नीच्या दोन खुणा दिसल्या. एक इकडे, एक तिकडे. त्यानं वर पाहिलं. तातेराव नजर चुकवून चाकाकडे बघत होते.

शेठ गेल्यावर मुनीर हळूच म्हणाला, "तातेरावभाई, माझ्या गॅरेजला लोक यायचे बंद होतील. तुमचं नाव घेतलं तर तुमची नोकरी जाईल. मी न्हाई घेणार. तुमीच काय ते बघा."

त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझं इंजिन काढायला औरंगाबादहून माणसं आली. साखळी लावली, बोल्ट सुटू लागले आणि तातेराव पुढं झाले. शेठ, हमाल, तोलणारे, सगळे जमले होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "शेठ, मुनीरची चूक न्हाई. डबा मी फिरवला. मला त्याचं कौतुक बघवत नव्हतं."

शेठनी हात पुढं केला. तातेरावांनी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मुनीर, आता दुरुस्त होईल हे?" शेठनी विचारलं.

मुनीरनं सिलिंडरवरच्या लोखंडी झाकणाला, हेडला, गेलेल्या तड्यावरून बोट फिरवलं. "न्हाई, शेठ. असा हेड इकडं मिळायचा न्हाई."

मुनीरला काम परत मिळालं. तातेरावांची नोकरी गेली. आणि माझे आठ सिलिंडर भंगाराच्या गाडीत गेले. आता माझ्या पोटात डिझेलचं इंजिन आहे. चालताना मी पिठाच्या गिरणीसारखी खडखडते.

तीन वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात ब्रेकच्या कामासाठी मी मुनीरच्या गॅरेजात उभी होते. दारात घनसावंगीहून प्रवासी वाहणारी एक वडाप जीप थांबली. पेट्रोलची, आणि मधूनमधून फटाके फोडणारी. स्टिअरिंगवर तातेराव होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी जीप बंद केली. मग उतरले आणि सरळ मुनीरपुढं येऊन उभे राहिले.

"मुनीरभाई, पॉइंटची फट कशी मापतात, ते मला एकदा दाखवता का? मला ते कधी आलंच न्हाई."

मुनीरनं पत्ती शर्टाला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या. पत्ती सरकली पायजे, पण जरा अडलीबी पायजे. जल्दी न्हाई करायची."

तातेराव दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर जमलं. जीप एका सुरात बोलू लागली आणि तिच्या बोनेटवर कान टेकून ते डोळे मिटून ऐकत राहिले.

मित्रांनो, तुमच्या आवडत्या वस्तूला पुसा, तेलपाणी करा. पण ती दुसऱ्याच्या हातानं बरी झाली, तर त्याचा राग धरू नका. ते कसं केलं, हे त्यालाच विचारा. तातेरावांनी हे चार वर्षं आधी विचारलं असतं, तर तो कान माझ्या बोनेटवर असता. डिझेलच्या इंजिनाला ना पॉइंट असतात ना कार्बोरेटर. त्याच्यावर कान टेकून सूर जुळवायला कुणी येत नाही. त्या दुपारी मी कोपऱ्यात उभी राहून त्या मोडक्या जीपकडे पाहत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्या गाडीचा हेवा वाटला.