पंधरा फुटांवरची जागा

परशरामने टेपचे टोक कुंपणाच्या भिंतीला दाबून धरले आणि यल्लाप्पा टेप ओढत परसाच्या मध्याकडे निघाला. पायरीवर बसलेल्या जयाबाई लेकाकडे आणि यल्लाप्पाकडे पाहत होत्या.

"कुठल्याबी भिंतीपासनं पंधरा फूट, आक्का. जाळाचा खड्डा तीन फुटांपेक्षा रुंद नको, जवळ दोन बादल्या पाणी, आणि नऊच्या आत इझवायचं. पंचायतीनं ठरवलंय, म्या न्हाय."

"तुझं घर हाय तिथं आमचं रान होतं, यल्लाप्पा. जाळ कुठं करायचा ते तवा कुणाला इचारावं लागत न्हवतं."

वसाहतीचा सेक्रेटरी असलेला यल्लाप्पा नुसता हसला.

पिरनवाडीची ही वसाहत शहराच्या हद्दीबाहेरची. धुराची तक्रार झाल्यापासून जयाबाई महिनाभर पंचायतीच्या पायऱ्या चढत होत्या. दर हिवाळ्यात येळ्ळूरहून माहेरची रताळी येत, परसात जाळ होई आणि लेकी-नातवंडे निखाऱ्यांभोवती बसत. चोरून जाळ करणे त्यांच्या मानाला रुचणारे नव्हते. नियमाने करायचा आणि तक्रार करणाऱ्यांच्या देखत करायचा, असा त्यांचा हट्ट होता. लेकी आज संध्याकाळी पोहोचणार होत्या.

घराचे आणि चारी भिंतींचे माप धरल्यावर परसात एकच जागा उरली. यल्लाप्पाने तिथे चुन्याचा गोल आखला. परशरामने कुदळ उचलली.

"थांब."

जयाबाई उठल्या. गोलाच्या अलीकडे त्यांनी चपला काढल्या. एकदा बांधावरच्या चिंचेकडे पाहिले, एकदा बुजलेल्या विहिरीच्या कट्ट्याकडे. या दोहोंच्या मधोमध, आता चुना पडला होता तिथेच, त्यांचे मालक दरवर्षी नांगर उचलून घेत आणि चार पावले पुढे जाऊन पुन्हा टेकवत. परशरामच्या आधीची त्यांची पोर अकरा दिवसांची होऊन गेली. बारसेही झाले नव्हते. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, रानातच पुरतात. बाळंतिणीला त्या दिवशी कोणी बाहेर येऊ दिले नाही. जागा त्यांना पुढे नांगराने दाखवली. रानाचे प्लॉट पडले तेव्हा एवढा तुकडा त्यांनी विकू दिला नाही. विहिरीच्या पाण्यासाठी, असे घरच्यांना वाटले.

"हितं न्हाय," त्या म्हणाल्या.

"मग कुठं, आई? दुसरी जागाच न्हाय. महिनाभर भांडलीस की ह्याच्यासाठी."

"हितं कुदळ लावायची न्हाय."

यल्लाप्पा टेप गुंडाळू लागला.

"पटलं न्हवं शेवटी, आक्का? धुराचा तरास व्हतोयच की लोकास्नी. म्या पयल्यापास्नं तेच सांगत होतो."

परशरामने आईकडे पाहिले. असे बोलून या परसातून आजवर कोणी उत्तराशिवाय गेले नव्हते. जयाबाई खाली वाकल्या होत्या आणि तळहाताने चुना पुसत होत्या.

"व्हय, पटलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "परशा, सूनबाईला सांग, रताळी कुकरला लाव म्हणावं."