लाल हापसा

आमच्या हापशाच्या पाण्यात फ्लोराइड आहे, हे गावाला कळलं तोवर सगळ्यांचे दात तपकिरी झाले होते आणि गुडघे संपावर गेले होते. माझी मावशी खाली बसली की तिला उठवायला दोन माणसं लागतात. त्यातला एक मी. शेवटी मावशीनं पाणीखात्यावर दावा ठोकला : नातीला पक्के दात यायच्या आत चांगलं पाणी द्या.

कोर्टाचा कारकून जबाब लिहायला आला. हापशापाशीच टेबल मांडलं. खात्याचे साहेब खुर्चीत रेलले.

"मावशी, आमची जबाबदारी सहा वर्षांपूर्वीच संपली. हापसा लाल रंगवलाय ना? लाल म्हणजे पिऊ नका."

"कुणी सांगितलं?"

"रंगानं."

"अगंबाई! आम्हाला वाटलं, नटवून दिलाय. पाहुण्यांना मुद्दाम इथलंच पाजलं. व्याही अजून तोंड मिटून बसलेत!"

साहेबांनी साक्षीला रंगाऱ्याला उभं केलं. "सांगा, धोका म्हणूनच लाल लावला ना?"

रंगारी डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू साहेब? तुमच्या कचेरीचं फाटक रंगवून अर्धा डबा उरला होता. वाया कशाला घालवायचा? वाटेत दिसले तेवढे हापसे रंगवले. त्यातला एक तर कोरडाच आहे."

लोक हसले. कारकुनानंही मान खाली घालून हसून घेतलं आणि सगळं लिहिलं.

साहेब लालबुंद झाले. "खातं काय झोपलं होतं? आम्ही पाणी तपासलंय! हा बघा अहवाल. विषारी आहे, असं स्पष्ट लिहिलंय. तारीख बघा, सहा वर्षांपूर्वीची!"

कारकुनानं अहवालाचं टोक धरून तारीख उतरवून घेतली.

मावशी गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

साहेबांनी कागद मागे ओढला. पण त्याचं दुसरं टोक कारकुनाच्या हातात होतं.

"ओढू नका, फाटेल," कारकून म्हणाला. "पुरावा आहे."

चार महिन्यांत वरच्या विहिरीवरून नळ आला. सगळं गाव जमलं. मावशीनं पहिला पेला तोंडाला लावला, घोट घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"शी, याला काही चवच नाही."

मग पेला रिकामा करून तिनं पुन्हा नळाखाली धरला.