मागं सारलेलं सीट

"सीटला हात लावायचा न्हाय!"

मी एवढ्या जोरात ओरडले की सोलापूरच्या पार्क चौकात फोटो काढणारी सगळी माणसं वळून बघायला लागली. बघू देत. जुन्या गाड्यांच्या रॅलीचा पहिला दिवस होता, आज सांगोल्यापर्यंत आणि उद्या पुढं कोल्हापूर. पंधरा-वीस चकचकीत गाड्या रांगेत उभ्या आणि त्यात आमची निळी फियाट. तपासणीला आलेला साहेब दार उघडून वाकला होता आणि त्याचा हात ड्रायव्हरच्या सीटखालच्या दांडीकडं निघाला होता.

"मावशी, सीट फार मागे आहे. काकांचे पाय पोचत नाहीत," तो म्हणाला.

"पोचत्यात. तुमी तुमचं बघा की."

आमचे मालक पाठीमागं दोन सोलापुरी चादरींच्या घड्या ठेवून, त्यांना टेकून बसले होते. त्यांनी कमरेतनं पुढं सरकून ब्रेक दाबून दाखवला. साहेबानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या गाडीकडं गेला. शहाणा माणूस.

ही गाडी आमच्या भूषणची. नाव बुद्धभूषण, पण एवढं लांब कोण हाक मारतंय? भंगारातनं आणली होती त्यानं. दर सुट्टीला त्या गाडीखाली आडवा पडलेला असायचा. जेवायला बोलवून बोलवून माझा घसा बसायचा. लहानपणी बापाच्या मागं एसटीच्या डेपोत हिंडायचा, तितनंच सगळ्या सवयी उचललेल्या. गाडीत बसायच्या आधी टायरला लाथ मारून बघणार, मग आरसा पुसणार, अगदी बापासारखा. "बाबांना शेजारी बसवून एकदा रॅलीला जाणार," एवढं एकच खूळ.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एक दिवस गाडी दारात लावली आणि आत येऊन म्हणला, "आई, जरा कणकण वाटतीया." डेंग्यू निघाला. आठवड्यात सगळं संपलं. सव्वीस वर्षांचं पोर माझं.

त्याची कापडं आमी वाटून टाकली. उशीला त्याच्या तेलाचा वास होता, तो बी हळूहळू गेला. राहिलं ते हे सीट. तो उतरला तेव्हा जिथं होतं तिथंच, पार मागं टेकलेलं. लई उंच होता की माझा लेक! मी रोज दार उघडून त्या सीटकडं बघायची. त्याचे लांब पाय हितं असायचे, गुडघे हितं. त्याच्या अंगाचं माप एवढ्या एका ठिकाणी जगात उरलं होतं, ते मी कुणाला कसं पुसू देईन?

त्याचा दोस्त अभिमन्यू रॅलीवाल्यांत आहे. तो घरी येऊन म्हणला, "काकू, गाडी आणा. भूषणची लई इच्छा होती." मालक माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी म्हणलं, चला, पण सीट हलवायचं न्हाय. मालकांनी मान डोलावली. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, गाडीत बसलं की हात आपोआप सीटखाली जायचाच. मी "अहो!" म्हणलं की चोरी सापडल्यासारखा हात मागं.

हिरवा झेंडा पडला आणि निघालो. मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी वाऱ्यावर डोलत होती. शाळेतली पोरं रस्त्याकडंला उभी राहून हात करत होती, मी बी हात केला. क्षणभर बरं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. कुणाच्या गाडीत बसून मिरवतीयास गं तू मीने, असं झालं.

सांगोला जवळ आलं आणि वळणावर अचानक मेंढरं आडवी आली. मालकांनी ब्रेक मारला. पाठीमागची चादर घसरली, पाय निसटला, त्यांनी सगळं अंग खाली लोटून पुन्हा ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा एक मेंढी अगदी बोनेटला नाक लावून उभी होती.

"ओ ड्रायव्हर! डोळे फुटले काय?" मेंढरं राखणारा म्हातारा ओरडला. "मेंढरामागं माझी नात हाय!"

खरंच एक परकरातली पोर काठी धरून उभी होती. तीस वर्षांत मालकांना कुणी असं बोललं नव्हतं.

"मीना, मला जमत न्हाय गं," एवढंच म्हणले.

मी उतरले. गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूचं दार उघडलं, रस्त्यावर गुडघे टेकले आणि सीटखालची दांडी ओढली. "सरका पुढं." एक खाच, दुसरी खाच. तिसरीला ते म्हणले, "बास." पाय ब्रेकवर नीट बसला. माझ्या हातानं मी माझ्या लेकाचं माप पुसलं. सांगोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून रडत आले आणि मालकांनी गाडी अशी चालवली की पोटातलं पाणी हललं न्हाय.

सांगोल्यात टाळ्या वाजल्या, कुणी हातात डाळिंबं दिली. मालकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, वाकले आणि सीट खाटकन पार मागं सारलं.

"आता कशाला?" मी म्हणलं.

"सवय गं. ड्युटी संपली की सीट मागं सारून उतरायचं. पुढचा गडी केवढा का असंना, त्याला सुखानं बसता यावं."

बोलून गेले आणि लगेच आरसा पुसायला लागले. माझ्याकडं बघेनात.

"भूषणला बी हीच सवय होती?"

"व्हय."

"मग तो चालवताना सीट कुटं असायचं?"

"तिसऱ्या खाचेत. तू मगाशी आणलंस तितंच. माझ्याएवढाच तर होता तो. सीट बघून बघून तुझ्या मनात उंच झालाय."

"एवढे दिवस ठाऊक होतं तुमाला? मग बोलला का न्हाय?" मी ओरडले.

"काय बोलू, मीना? तुझ्याजवळ तेवढंच राहिलं होतं की."

म्हणजे तापानं फणफणत असताना बी माझ्या लेकानं उतरताना सीट मागं सारलं होतं, त्याच्यानंतर बसणाऱ्याला जागा व्हावी म्हणून. त्या रिकाम्या सीटवर डोकं टेकून मी मोठ्यानं रडले. लोक बघत होते. बघू देत.