टायटॅनियमचा शेवटचा पत्रा

नरडाण्याच्या एमआयडीसीत प्रेमराज नानांच्या शेडमध्ये ट्रॉलीचे आस घडायचे. पण पंचक्रोशीत नानांचं नाव होतं ते पाहुणचारासाठी. कुणी काम बघायला येणार असेल, तर तो येऊन टेकल्याशिवाय नाना भट्टीतला माल बाहेर काढायचे नाहीत. लोखंडाचं त्यानं फारसं काही बिघडत नसे. तापतंय तर तापू दे, म्हणायचे.

या मानपानानंच गेल्या महिन्यात घात केला. त्यांची लेक हेमांगी धातुशास्त्र शिकलेली. जळगावची बरी नोकरी सोडून ती घरी आली आणि हातापाया पडून तिनं पुण्याच्या एका कंपनीकडून टायटॅनियमचे घुमट बनवायचं काम मिळवलं. बंद साच्यात पत्रा लाल तापवायचा आणि आर्गॉन वायूच्या दाबानं हळूहळू फुगवायचा. नमुना बघायला पुण्याहून कंपनीचे बन्सीलाल साहेब निघाले, ते धुळ्यात अडकले. नाना म्हणाले, थांबू. पत्रा दुपारभर तापत पडला. साहेब आल्यावर दाब दिला, तर अर्धाही फुगला नाही, टर्रकन फाटला.

"हे लोखंड नाही नाना," हेमांगीनं त्या दिवशी समजावलं होतं. "यात दोन जातींचे कण शेजारी शेजारी असतात. बारीक आहेत तोवर एकमेकांवरून सरकतात, पत्रा हातावरच्या पुरणाच्या मांड्यासारखा ताणला जातो. उगाच तापत ठेवला की कण मोठे होतात. मग तो ताणच घेत नाही."

नानांनी मान डोलावली. पटलं किती, देव जाणे. साहेबांनी आणखी एक संधी दिली, पण पत्रा एकच उरला होता. हाही फाटला तर हा नाद सोडायचा, असं नानांनी बजावलं होतं.

आज साहेब पोचतोच म्हणाले म्हणून तिनं पत्रा भट्टीत घातला. तो तापून तयार झाला, तेवढ्यात फोन आला. सोनगीरजवळ गाडी पंक्चर झाली होती.

"साहेब वाटमा शे, पोचतीलच. जराशी थांब, पोरी," नाना म्हणाले.

"नाही थांबणार."

"अगं, त्यांना बोलावलं कशाला मग? काय तोंड दाखवू मी?"

"तोंड नको, घुमट दाखवा."

तिनं व्हॉल्व्ह उघडला. नाना तणतणत फाटकापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

"मग लवकर तरी उरक. दाब वाढव."

"लवकरही नाही. घाई केली तरी फाटेल."

नाना तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. दाबाचा काटा मुंगीच्या पावलानं चढत होता. घुमट अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच वीज गेली आणि विजेवरची भट्टी बंद पडली.

जनरेटर मागच्या बाजूला होता. हेमांगीनं नानांचा हात धरून व्हॉल्व्हवर ठेवला. "काटा इथून हलता कामा नये. खाली नाही, वर नाही." आणि ती धावली.

जनरेटर चटकन धरेना. दोरी ओढून तिचे खांदे भरून आले, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं सोडली नाही. शेवटी तो धडधडला. ती धापा टाकत परतली, तर दारात बन्सीलाल साहेब बॅग घेऊन उभे होते आणि नानांनी त्यांच्याकडे मान वळवलीही नव्हती.

"उभेच ऱ्हा साहेब, माझा हात मोकळा नाही," नाना काट्यावरची नजर न हलवता म्हणाले.

हेमांगीला वडिलांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

उरलेला दाब तिनं तसाच सावकाश चढवला. साचा निवल्यावर उघडला. घुमट पूर्ण भरला होता, कुठे चीर नव्हती. साहेबांनी माथ्यावरची जाडी तीनदा मोजली आणि पुढचे पत्रे पाठवतो म्हणाले. तरी चेहऱ्यावर थोडी नाराजी होतीच.

"माझ्यासाठी थांबला मात्र नाहीत."

"नाही थांबलो," नाना म्हणाले. "पुढच्या वेळीही थांबणार नाही."