सायरनमधले अण्णा

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बटणं, चेन, टाचण्या विकणारं आमचं दुकान. एरवी चार गिऱ्हाइकं आली तरी गर्दी वाटते. त्या सकाळी मात्र अख्खी गल्ली माना उंचावून उभी होती. बघायचं काय, तर माझा मेलेला भाऊ सायरनमधून कसा ओरडतो ते!

माझ्या भावाने, म्हणजे अण्णाने, जन्मात कधी आवाज चढवला नाही. आणि मेल्यावर म्हणे बोंबलतोय, तेही फक्त त्याच्या धाकट्या सुनेने मालाच्या खोलीचं दार उघडलं की!

"आत्मा खवळलाय!" भाच्यांनी बोलावलेल्या काठीबाबाने डोळे फिरवले. "मेन स्विच बंद केलात, थांबला आवाज?"

"नाही महाराज," माझा थोरला भाचा म्हणाला.

"विजेशिवाय बोलतोय! या बाईचं पाऊल त्याला खुपतंय. आजच तिला माहेरी पोचवा. आणि हा माझा अधिकार बघा." त्याने काठीची मूठ चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला टेकवली, काहीतरी पुटपुटला आणि दार उघडलं. सायरन वाजलाच नाही. लोकांनी पटापट हात जोडले.

धाकटी सून भरलेली बॅग घेऊन उभी होती. कुठली चेन कुठल्या खणात, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक. रडून डोळे सुजलेले. तिचा नवरा मूग गिळून शेजारी उभा. अस्सा राग आला मला त्याचा!

दार लावून बाबाने काठी काउंटरवर ठेवली, आणि तिथल्या टाचण्या टुणकन उडून मुठीला चिकटल्या. शाळेत विज्ञान शिकवून माझे केस पांढरे झालेत. मी पुढे झाले.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस," थोरला म्हणाला.

"पडणार! या दारातून आत कोण जातं रे? तू कधी गेलास?"

"मी गल्ल्यावर असतो."

"तुझी बायको? हा धाकटा?"

"ते... ही जाते ना."

"मग सायरन दुसऱ्या कुणासाठी ओरडेल कसा? उघड आता तू."

त्याने घाबरत घाबरत दार ढकललं. सायरनने कानठळ्या बसवल्या.

"झालं!" मी ओरडले. "आता तूही बॅग भर आणि जा सासुरवाडीला!"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबा काठीकडे हात नेऊ लागला. मी ती उचलून घेतली.

सायरन दमून थांबल्यावर दार लावून घेतलं. टाचण्या ठेवायची लोहचुंबकाची वाटी मी चौकटीच्या त्याच कोपऱ्याला धरली. "उघड गं, पोरी."

तिने उघडलं. चिडीचूप.

"आता मंत्र काढते," म्हणत मी वाटी बाजूला केली. सायरन पुन्हा किंचाळला.

"ही चोर पकडायची सोय आहे. दारावर चुंबक, चौकटीत एक बारीक स्विच," मी त्या गोंगाटातच सांगितलं. "दार उघडलं की चुंबक लांब जातो, तारेतला प्रवाह तुटतो आणि सायरन वाजतो. याच्या मुठीतला चुंबक स्विचला फसवतो. वीज गेली तरी भिंतीवरच्या सायरनच्या पेटीत बॅटरी आहे. अण्णा रोज सकाळी किल्ली फिरवून हे बंद करत असणार. आणि तुम्ही भक्तीच्या भरात त्या पेटीवर त्याचाच फोटो टांगलात, वर हात लावायचा नाही म्हणे!"

मी फोटो उतरवला. किल्ली पेटीलाच होती. फिरवली, आणि सगळं शांत झालं.

बाबा काठी तशीच सोडून पसार झाला. अधिकारी पुरुष! लोक चपला शोधू लागले. मी म्हटलं, "थांबा. त्याला शिव्या देऊन सुटू नका. दुसऱ्या कुणाला दार उघडायला लावणं एवढंच करायचं होतं. एकालाही सुचलं नाही, कारण दोष सुनेवर ढकलणं सोपं होतं. कुणाला घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी करून बघा."

धाकट्याने लाजत बॅगेला हात घातला. तिने ती सोडली नाही.

"आधी आत जा," ती म्हणाली. "कुठली चेन कुठल्या खणात ते शिकून घ्या. मग ठरवते मी, राहायचं की नाही."

तो मुकाट्याने आत गेला.